यंदा गिरणी मागायची की नाही

जोगेश्वरीच्या टेकाडावरच्या सातेरी चाळीत काशीराम धुरीचा आवाज ओळखत नाही असं कोणी नव्हतं. त्याने बायकोकडे मीठ मागितलं की चौथ्या खोलीतली बाई डबा उघडायची. आता यात त्या बिचाऱ्याचा काय दोष! उभी हयात परळच्या गिरणीत, सांचाखात्यात म्हणजे मागांवर गेली. चहूबाजूंनी सांचे खडखडत असताना शेजारच्याला 'तंबाखू दे रे' म्हणायचं तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. ती सवय घरी आली ती आली. गिरणीने घेतलं बरंच काही, दिला तो हा आवाज.

आणि म्हणूनच चाळीचं गाऱ्हाणं घालायचं काम त्याच्याकडे आलं. गाऱ्हाणं म्हणजे कुरकूर नव्हे हो. घाटावरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. आमच्या कोकणात देवापुढे नारळ ठेवून एकाने सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागायचं, आणि जमलेल्यांनी दर मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरायचा. होकार मिळाला नाही तर मागणं देवापर्यंत पोचत नाही, मध्येच कुठेतरी लटकतं, अशी समजूत. त्यामुळे घालणारा पाहिजे खणखणीत आणि भरणारे पाहिजेत भरपूर. काशीरामचा बाप गावी रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा. त्याने पोराला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. घालणाऱ्याने स्वतःसाठी मागायचं नाही. मागितलंस तर देव म्हणतो, हा तर भिकारी निघाला, याला गावाचं काय पडलंय!

दरवर्षी सव्वीस जानेवारीला चाळीच्या पटांगणात सत्यनारायण असायचा. सगळ्यांना सुट्टी, म्हणून ही तारीख. भटजींची पोथी संपली, आरती झाली, की काशीराम नारळ हातात घेऊन उभा राहायचा. पोरीबाळींची लग्नं, दुखणेकऱ्यांना उतार, नव्या सुनांच्या ओट्या, सगळ्यांचं सगळं तो नाव घेऊन मागायचा. एकाला विसरायचा नाही. आणि रात्री जेवताना त्याची बायको वनमाला दरवर्षी एकच प्रश्न विचारायची.

"सगळ्यांचा मागलास. आपला काय मागलास?"

"सगळ्यांत आपण इलंवच गो," तो म्हणायचा, आणि भाताचा पुढचा घास घ्यायचा.

ब्याऐंशी सालची पूजा आली तेव्हा गिरण्यांचा संप सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. चाळीतले निम्मे बाप्ये गिरणीवाले. सगळे घरी, सगळे ताजेतवाने, दाढ्या केलेले. सुट्टीच मिळाल्यासारखं वाटत होतं लेकांना! काशीरामने नारळ उचलला आणि छाती फुगवून म्हणाला, "ह्यो जो संप लागलो हा, तो पंधरा दिवसांत मिटवन जो तो आपापल्या सांच्यार उभो रवांदे, म्हाराजा!" आणि जो काही 'व्हय म्हाराजा' उठला, खालच्या रस्त्यावरचा रिक्षावाला रिक्षा थांबवून वर बघायला लागला.

पंधरा दिवस गेले. पंधरा महिने गेले. त्र्याऐंशीच्या पूजेला काशीराम म्हणाला, 'यंदा तरी'. चौऱ्याऐंशीला म्हणाला, 'आता अंत बघू नको'. होकार भरणारे कमी होत गेले, कोणी गावी गेले, कोणी हमाली धरली, कोणी दारू धरली. पण काशीराम मागत राहिला. गिरणीचं मागणं आलं की त्याचा आवाज वर चढायचा, आणि त्या चढलेल्या आवाजाने लोकांना पुन्हा थोडी उभारी यायची. दोन-चार दिवस माणसं नळावर हसून बोलायची. 'काशीचा ऐकलंस मा? उघडतली बघ,' असं एकमेकांना सांगायची. पुढे पुढे लोक देवापेक्षा काशीरामच्या आवाजाकडेच जास्त लक्ष देऊन ऐकायला लागले.

त्याच्या भिंतीला भिंत लागून सहदेव सारंग राहायचा. काशीरामहून चांगला दहा-बारा वर्षांनी लहान, त्याच गिरणीत, त्याच पाळीला. काशीरामनेच त्याला सांच्यावर उभा केला होता. चौऱ्याऐंशी साली सहदेवला एका शाळेत शिपायाची नोकरी सांगून आली. तो काशीरामला विचारायला आला. काशीराम म्हणाला, "थांब रे जरा. येवडी माणसां देवासमोर व्हय म्हणतत, ती काय खोटी?" सहदेव थांबला. ती नोकरी दुसऱ्याला गेली. तेव्हापासून सहदेव दसरा-दिवाळीला लोकांच्या भिंती रंगवतो, एरवी मिळेल ते करतो, आणि त्याची बायको सुनंदा दुपारभर पापड लाटते. त्यावरून एका शब्दाने त्याने काशीरामला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं, संपलं असतं.

काशीराम स्वतः काय करत होता? तो अंधेरीला चकाल्याजवळ एका सात मजली इमारतीत लिफ्टमन होता. लागला तेव्हा तात्पुरता लागला. 'गिरणी सुरू होईस्तोवर,' असं तेव्हा म्हणाला आणि अजूनही तेच म्हणत होता. लोखंडी जाळीचा दरवाजा ओढायचा, बटण दाबायचं, वर जायचं. दरवाजा ओढायचा, बटण दाबायचं, खाली यायचं. दिवसभर वरखाली करून संध्याकाळी माणूस जिथल्या तिथेच. सांच्यावर पाळी संपली की पाय दुखायचे, कमर धरायची, पण कापड तरी दिसायचं समोर. इथे नुसतं स्टुलावर बसून माणूस इतका कसा दमतो, हे त्याला स्वतःलाच कळत नव्हतं. घरी येताना टेकाडाच्या पायऱ्यांवर तो दोनदा बसायचा. दम लागला म्हणून नव्हे. वर जावंसंच वाटायचं नाही.

त्या सोसायटीचे सेक्रेटरी होते श्यामसुंदर सबनीस. विम्याच्या कचेरीत मोठे साहेब. माणूस लाख, पण त्यांना आनंदी राहण्याची फार हौस. रविवारी ते कसल्याशा व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांना जात आणि सोमवारी सकाळी ते सगळं काशीरामच्या डोक्यावर ओतत. पाच मजले चढेपर्यंत काशीरामला ऐकून घ्यावंच लागे, लिफ्टमधून पळून जाणार कुठे!

"काशीराम, माणसाने कसं पॉझिटिव्ह राहायचं! सकाळी उठल्या उठल्या आरशात बघून हसायचं. करून बघा तुम्ही."

"होय साहेब."

"आणि आवाज जरा हळू हं. देसाईबाई म्हणत होत्या, तुम्ही 'पाचवा मजला' म्हणालात की त्यांचं बाळ दचकून उठतं."

"होय साहेब."

"आणि त्या युनिफॉर्मचं काय झालं? शिंप्याकडे माप द्यायला पाठवलं होतं तुम्हाला."

"नको साहेब. माझं काय, थोड्या दिवसांचं काम. गिरणी उघडली की जाणार मी. तुमचं कापड कशाला फुकट घालवा?"

हे तो अडीच वर्षं म्हणत होता. सबनीसांना त्याचं फार कौतुक वाटायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या मंडळींना ते सांगायचे, बघा, आशा म्हणतात ती ही! काशीराम मात्र दरवाजा ओढताना खाली बघायचा. आरशात बघून हसायचं म्हणे! त्याच्या घरात आरसा होता तो वीतभर, त्यात एकतर हसू मावायचं किंवा मिशी.

शहाऐंशी साल उजाडलं. पूजेला आठ दिवस राहिले होते. संध्याकाळी काशीराम पायऱ्यांवर बसला असताना वरून सहदेव आला आणि शेजारी टेकला. नखांत चुना अडकलेला. बोटं चोळत बसला.

"काशीदा, मुलुंडाक माझ्या मेव्हण्यान काम बघितल्यान हा. औषधांची कंपनी. पॅकिंगाक. कायमचा."

"अरे वा! मगे बसलंस काय? जा!"

"गिरणीतला नाव तोडून ये म्हणतत. राजीनामो देवक होयो. पूजेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी बोलावल्यानी हा. नाय गेलंय तर दुसऱ्याक घेतले."

"मगे दी राजीनामो. त्यात काय इचार करतंस?"

सहदेवने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "तू आयतवारी गाऱ्हाण्यात गिरणी मागतलंस मा?"

काशीराम चपलेने पायरीवरची माती खरवडायला लागला.

"तू मागतलंस, आमी सगळे व्हय म्हणतलंव, मीव म्हणतलंय. नि दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाव तोडूक जातलंय? देवान काय समजाचा, काशीदा? ह्यो कसलो माणूस म्हणात मा!"

"ता येगळा रे. देवाचा येगळा, पोटाचा येगळा."

"येगळा कसा? देवाक एक नि माका एक, असा नको सांगू." सहदेव उठला, लेंग्याची धूळ झटकली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "आयतवारी तू काय मागतंस ता ऐकतंय. गिरणी मागलंस तर थांबतंय. नाय मागलंस तर जातंय."

झालं! आता याला काय म्हणायचं! मुलुंडच्या मालकाला सांगितलं तर तो हसून लोळेल. पण सातेरी चाळीत ही गोष्ट कोणालाच हसण्यासारखी वाटली नसती. दिलेला होकार हा दिलेला होकार. तो देऊन वर पाठीमागून आपली सोय बघणारा माणूस आमच्यात लबाड ठरतो. सहदेव उपाशी राहिला असता, लबाड ठरला नसता.

मग सोप्पं आहे, यंदा गिरणी मागू नये, सुटला प्रश्न! असं तुम्ही म्हणाल. काशीरामलाही पायऱ्या चढताना तसंच वाटलं. पण वर पोचला तर भाऊराव आपल्या दारात बसलेले. चाळीतले सगळ्यांत म्हातारे, पूजेच्या कमिटीचे मुख्य. आयुष्य गिरणीत गेलं, आता डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. रोज सकाळी अंघोळ करून, कपडे करून, ते दारातल्या खुर्चीत बसत. विचारलं तर म्हणत, बोलावणं आलं तर तयारी पाहिजे.

"काशी, यंदा गिरणीचा जरा जोरात घाल हां," भाऊराव म्हणाले. "गेल्या वर्साक तुझो आवाज बसलेलो. तेच्यामुळाच रवला ता. मी दिवस मोजतंय बघ. वर्सभर त्या एका आवाजार मी काढतंय."

"होय भाऊराव," काशीराम म्हणाला. दुसरं काय म्हणणार! एका भिंतीपलीकडे सहदेव, दारात भाऊराव. मागितलं तर त्या तरण्याची वाट लागली, नाही मागितलं तर या म्हाताऱ्याने सकाळी उठून अंघोळ तरी कशाला करायची?

तो आठवडा काशीरामला फार जड गेला. लिफ्टमध्ये एकदा तो कोणाला पाचव्याऐवजी सातव्यावर घेऊन गेला आणि तिथेच दरवाजा धरून उभा राहिला. त्याला वाटलं, चार वर्षं आपण नुसता आवाज चढवत आलो. स्वतःच्या अंगात काही नसताना दुसऱ्याच्या अंगात भरत आलो. आता तळाला काही उरलं नाही, आणि लोक अजून भांडी घेऊन उभे आहेत. त्याला रडू आलं नाही. रडायलाही थोडी ताकद लागते.

शनिवारी संध्याकाळी वनमाला पूजेच्या प्रसादासाठी रवा चाळत बसली होती. काशीराम भिंतीला टेकून बसला होता. भिंतीपलीकडून सुनंदाच्या लाटण्याचा आवाज येत होता.

"ह्या वर्साक दुसऱ्या कोणाक तरी सांगा गाऱ्हाणा घालूक," वनमाला चाळणीतून वर न बघता म्हणाली.

"कोणाक सांगू? तेंका सगळ्यांका माझो आवाज होयो."

वनमालाने चाळणी खाली ठेवली. "एक इचारू? रागावशात नाय मा? तुमका स्वताक काय वाटता? उघडतली गिरणी?"

 पलीकडचं लाटणं थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"नाय गो," तो म्हणाला. आणि आश्चर्य म्हणजे हे तो हळू आवाजात म्हणाला. भिंतीपलीकडे गेलं नाही.

"माका म्हायत होता."

"कधीपासना?"

"दोन वर्सां झाली."

"मगे बोललंस नाय कित्याक?"

"तुमी सकाळी उठान जावंत, म्हणान," वनमाला म्हणाली. "मी बोललंय असतंय तर तुमी उठला नसतास." तिने चाळणी पुन्हा हातात घेतली. हाताच्या पाठीने नाक पुसलं. रवा गालाला लागला, तो तसाच राहिला.

काशीराम तिच्याकडे बघत राहिला. म्हणजे इकडे हा चाळीला उभारी देतोय, आणि तिकडे ही बाई गपचूप दोन वर्षं याला उभारी देत बसलीय. घरात दोघंच माणसं, आणि दोघंही एकमेकांसाठी खोटं हसत होती. त्याला तिची फार दया आली आणि थोडी स्वतःचीही आली.

रविवारी पूजा झाली. पटांगणात मांडव, केळीचे खांब, लाऊडस्पीकरवर सकाळपासून भक्तिगीतं. भटजींनी पोथी आटोपती घेतली, त्यांना पुढे अजून तीन ठिकाणी जायचं होतं. आरती झाली. बायका एका बाजूला, बाप्ये एका बाजूला. भाऊरावांना खुर्ची पुढे आणून दिली होती. सहदेव मागच्या बाजूला खांबाला धरून उभा होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता त्याने.

काशीरामने नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वर्साच्या वर्साक ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जा काय आमच्यान जमला ता वेडावाकडा केलेला आसा, ता गोड मानून घी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज लागला होता. पहिल्या खोलीतल्या रत्नप्रभेचं लग्न मागून झालं. खंडूच्या पायाला उतार मागून झाला. कोणाच्या सुनेची ओटी, कोणाच्या पोराची दहावी. होकार वर चढत होता, माणसं पुढे सरकत होती. सगळ्यांना माहीत होतं आता काय येणार ते. भाऊरावांनी हात जोडून डोळे मिटले होते.

"आणि म्हाराजा..." काशीराम म्हणाला आणि थांबला.

त्याने सहदेवकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलंच. सहदेवने खांब घट्ट धरला होता.

"आणि म्हाराजा, चार वर्सां आमी तुझ्याकडे गिरणी मागली."

"व्हय म्हाराजा!"

"ती आता उघडूची नाय, म्हाराजा."

कोणी होकार भरला नाही. एवढं माणूस पटांगणात, पण मांडवाच्या कनातीचा फडफडाट तेवढा ऐकू येत होता. सवयीने कोणाचं तरी पोर 'व्हय' म्हणालं, त्याला आईने दाबलं.

"काशी!" भाऊरावांनी डोळे उघडले. "काय बोलतंस ह्या? मागे घी! नारळ हातात आसा तुझ्या!"

काशीरामने नारळ खाली ठेवला नाही.  "भाऊराव, माझ्यान मागवणा नाय आता," तो म्हणाला. मग देवाकडे वळला. पुढचं काय बोलायचं ते त्याने ठरवलेलं नव्हतं. सकाळपासून ठरवत होता ते सगळं डोक्यातून निघून गेलं होतं. बापाने बजावलेलं तेवढं आठवत होतं, आणि तेच त्याच्याने मोडलं गेलं.

"म्हाराजा," तो म्हणाला, "मी दमलंय."

हे त्याने ओरडून म्हटलं नाही. सांगितलं, नुसतं सांगितलं. पण सगळ्यांना ऐकू गेलं.

आणि पाठीमागून, बायकांच्या बाजूने, एक आवाज आला, "व्हय म्हाराजा!" तो वनमालाचा होता. बायका गाऱ्हाण्यात कधी पहिला होकार भरत नाहीत. मग सुनंदाचा आला. मग कोणा बाप्याचा. आणि मग, काय सांगू, सगळं पटांगण एकदम उठलं. "व्हय म्हाराजा!" ब्याऐंशी सालीसुद्धा एवढा होकार मिळाला नव्हता. भिंती रंगवणारे, हमाली करणारे, रात्री घरी येऊन बायकोला 'झकास चाललंय' सांगणारे, पापड लाटणाऱ्या, धुणंभांडी करणाऱ्या, सगळ्यांनी आपलंच मागणं असल्यासारखा होकार भरला. माणसं रडत होती आणि ओरडत होती. चार वर्षांत 'दमलो' असं त्यांच्यातलं एकही माणूस मोठ्याने म्हणालं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपण म्हटलं तर शेजारचा खचेल.

काशीराम गडबडला. मग त्याने नारळ दोन्ही हातांनी धरला आणि पुढचं मागितलं. "ज्येका जी भाकरी मेळात, ती तेका गोड लागांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्येना ती घेतल्यान, तेका मागे वळान बघूक लावू नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा होकार विरला, आणि त्याच्या मागून एकट्याचा, उशिराचा, फाटका आवाज आला, "व्हय म्हाराजा." सहदेवने खांब सोडला होता आणि बाहीने तोंड पुसत होता.

भाऊराव प्रसाद न घेता आपल्या दारात जाऊन बसले. काशीराम स्वतः द्रोण घेऊन गेला. म्हाताऱ्याने बराच वेळ हात पुढे केला नाही. मग द्रोण घेतला आणि मांडीवर ठेवला.

"माका म्हायत नव्हता, असा समजतंस काय?" भाऊराव म्हणाले. "पण आता सकाळी उठान करू काय मी?"

 उगाच काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची काशीरामला इच्छा नव्हती. तो उंबऱ्यावर बसला. दोघंही अंधार पडेपर्यंत तसेच बसून होते.

जेवताना वनमालाने तो दरवर्षीचा प्रश्न विचारला नाही. ताटात भात वाढला आणि म्हणाली, "सावकाश जेवा."

सोमवारी पहाटे भिंतीपलीकडे सुनंदाने स्टोव्ह पेटवला. पंप मारण्याचा आवाज, मग फोडणीचा, मग डब्याचं झाकण बसवण्याचा. एक झाकण, दुसरं झाकण. त्या घरात चार वर्षांत कोणाला डबा भरला गेला नव्हता. काशीराम अंथरुणात पडून ऐकत होता. दार लागलं, चपला पायऱ्या उतरल्या. मग तो उठला. भाऊरावांच्या दारावरून जाताना बघितलं, म्हातारा कपडे करून खुर्चीत बसला होता. सवयीने असेल. काशीरामने त्यांच्या हातात तंबाखूची पुडी ठेवली आणि कामावर गेला.

सबनीस साहेब नऊ वाजता लिफ्टमध्ये शिरले. "काय काशीराम, हसताय ना सकाळी?"

"नाही साहेब," काशीराम म्हणाला. "शिंप्याला कधी भेटू?"

दुपारी तो कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेला. शिंप्याने गळा मापला, छाती मापली, खांदे मापले. काशीराम हात पसरून उभा होता. माप घेऊन झालं तरी त्याचे हात तसेच होते, शिंप्याने सांगितल्यावर खाली आले.

"सोसायटी एकाचेही पैसे देते, दोनाचेही देते," शिंपी खडू कानावर ठेवत म्हणाला. "बदलीवर तात्पुरते असतात ते एकच शिवतात, कायमचे दोन. तुम्हाला काय करू? एक की दोन?"

काशीरामने रस्त्याकडे बघितलं. मग इतक्या हळू बोलला की शिंप्याला पुन्हा विचारावं लागलं.

"दोन शिवा," तो म्हणाला.